मॉरिशसचे रान आणि गुलामांचा डोंगर



परदेश प्रवासाचे वर्णन आपल्या साप्ताहिकात आमच्या हातून लिहिले जाईल, असे आम्हाला कधी वाटले नव्हते. दिवसभर ऑफिसातली खर्डेघाशी, संध्याकाळी विहाराचे काम, रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी नाहीतर चैत्यभूमी, एवढीच आमची धाव. पण आमचा भाचा मॉरिशसला एका हॉटेलच्या भटारखान्यात नोकरीला आहे. तो सारखा फोनवर म्हणे, "मामा, मामींना घेऊन एकदा याच. राहायला माझी खोली आहे, जेवायला मी घालीन. तुम्ही फक्त विमानाचे तिकीट काढा." दोन वर्षे पैसे बाजूला टाकले आणि मे महिन्यात आम्ही दोघे निघालो.

मुंबईहून विमानाला सहा-सव्वासहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. आपल्या लोकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. हिंदी महासागरातले हे बेट १८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक. रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि पैशालाही रुपयाच म्हणतात. त्यामुळे पहिल्या दिवशीच परकेपणा बराचसा गेला.

हँडल कोणाच्या हाती?

बेटाच्या नैर्ऋत्येला बेल ओम्ब्र नावाचा भाग आहे. पूर्वी तो उसाचा मोठा मळा होता. आता तिथे हॉटेले झाली आहेत आणि मागच्या डोंगरातले रान प्रवाशांना 'क्वाड'वर बसवून दाखवतात. क्वाड म्हणजे चार चाकांची मोटारसायकल. बसायला मोटारसायकलसारखे खोगीर, धरायला तसेच हँडल, पण खाली चार जाडजूड टायर. त्या टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे ते दगडाला आणि चिखलाला धरून चालतात. भाच्याच्या ओळखीने आम्हाला सवलत मिळाली. नाहीतर एका फेरीचे पैसे ऐकूनच आम्ही माघारी फिरलो असतो.

आमचा वाटाड्या पंचविशीचा क्रिओल तरुण होता. त्याचे पूर्वज मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेले. तो क्रिओल बोले आणि भाचा आम्हाला मराठीत सांगे. आधी त्याने सपाट अंगणात सगळ्यांची परीक्षा घेतली. उजव्या अंगठ्याखाली ॲक्सिलेटर असतो. तो हळूहळू दाबायचा. वळणावर अंग आतल्या बाजूला झुकवायचे, चढावर पुढे वाकायचे, उतारावर मागे रेलायचे. गाड्या एकामागे एक, मध्ये चार गाड्यांचे अंतर सोडून.

आम्ही ऑफिसात टाइपरायटर चालवला, संगणक चालवला, पण हे यंत्र काही आमचे ऐकेना. अंगठा दाबला की गाडी उडी मारे, सोडला की जागीच थांबे. दोनदा अंगण ओलांडून आम्ही फुलांच्या ताटव्यात शिरलो. वाटाड्याने मान हलवली. मग आमच्या आयुष्मतींना बसवले. त्या घरून स्कूटरवर विहारात जातात. त्यांनी दोन फेऱ्या अशा मारल्या की वाटाड्याने टाळ्याच वाजवल्या.

"अहो, तुम्ही मागे बसा आणि मला घट्ट धरा," त्या म्हणाल्या. भाचा हसून हसून बेजार झाला. सभांतून स्त्रीमुक्तीवर भाषणे ठोकणारे आम्ही, त्या दिवशी शिरस्त्राण घालून मुकाट्याने मागे बसलो. आणि खरे सांगायचे तर सुखाने बसलो, कारण बघायला डोळे मोकळे राहिले.

उसाच्या वाटेने

पहिला टप्पा उसातून होता. दोन्ही बाजूंना डोक्यावर दीड-दोन हात ऊस, त्याला पांढरे तुरे आलेले. तिकडे तोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा शेते भरलेली होती. वाटेत शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसले. काही तर घराएवढे. आयुष्मतींनी गाडी थांबवून विचारले, "एवढे दगड कोणी आणून टाकले?"

वाटाड्या म्हणाला, "आणले नाहीत, उचलले. हे बेट ज्वालामुखीचे. जमिनीत दगडच दगड होते. ऊस लावायचा तर ते आधी काढायला हवेत. आमच्या लोकांनी काढले, मग तुमच्या लोकांनी काढले."

'आमचे लोक' म्हणजे गुलाम आणि 'तुमचे लोक' म्हणजे भारतातले गिरमिटिये. हा इतिहास आपल्या घरातल्या मुलांनी वाचावा असा आहे. डच लोक या बेटावर १५९८ साली उतरले. १६३९ साली त्यांनी जावा बेटावरून ऊस आणला. त्यांच्यानंतर १७१५ पासून फ्रेंच आले आणि १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. मादागास्कर आणि मोझांबिककडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हजारो माणसे गुलाम म्हणून आणली गेली. त्यांत भारतातून नेलेले गुलामही होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. पण न्याय कसा झाला पाहा! मळेवाल्यांना 'मालमत्ता गेली' म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. ज्यांनी राबराब राबून हाडे झिजवली, त्या गुलामांना छदामही मिळाला नाही. उलट 'शिकाऊ' असे नाव देऊन त्यांना १८३९ सालापर्यंत त्याच मालकांकडे जुंपून ठेवले.

मग मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. १८३४ पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर इथे उतरले. बहुतेक बिहारचे, पुष्कळ तामिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून आलेली आपली कोकण-घाटावरची माणसेही. त्यांच्या वंशजांमुळे तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवली जाते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, त्याला 'डबल कट' म्हणत. करार संपलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की शिपाई धरून नेत.

आम्ही पडलो कारकून. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. बोटीतून उतरलेले मजूर तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर येत. आदल्याच दिवशी तो आम्ही पाहिला होता. या मजुरांची रजिस्टरे मॉरिशसमध्ये अजून जपून ठेवलेली आहेत. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव आणि जात! समुद्र ओलांडला, गाव सुटले, पण रजिस्टरातला जातीचा रकाना काही सुटला नाही. असे रकाने भरण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे ती गोष्ट मनाला फार लागली.

हे सगळे चालले असताना आयुष्मती गाडीवरून उतरून उसाच्या कडेला उभ्या होत्या. पाचटाची कड बोटांनी चाचपत होत्या. त्यांची आई लग्नानंतर दहा वर्षे मराठवाड्यातून साखर कारखान्यावर तोडीला जात होती. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि खाडा झाला की दंड. "आईला हे सांगितले असते तर तिला एक शब्दसुद्धा समजावून द्यावा लागला नसता," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुन्हा हँडल धरले.

रानात

ऊस संपला की चढ लागतो. दगडांतून वाहणारा एक ओढा गाडीनेच पार केला. पाणी पायावर उडाले, तेव्हा आमच्या तोंडून आरोळी निघाली. पुढे दाट रान. चिनी पेरूची झुडपे दोन्ही अंगांना मारत होती. लाल, बोराएवढ्या पेरूसाठी माकडे भांडत होती. पंख्यासारखे पसरलेले 'प्रवाशाचे झाड' पहिल्यांदा पाहिले. त्याच्या पानांच्या देठांत पावसाचे पाणी साठते, म्हणून हे नाव. एका वळणावर हरणांचा कळप आडवा गेला.

आम्ही म्हणालो, "काय सुंदर जंगल आहे!" वाटाड्या म्हणाला, "यातले बरेचसे बाहेरून आलेले आहे. पेरू बाहेरचा, हरीण जावाचे, माकड बाहेरचे, प्रवाशाचे झाड मादागास्करचे." बेटाचे मूळ रान दोन टक्केसुद्धा उरलेले नाही. काळ्या लाकडाची एबनीची झाडे डचांनी तोडून नेली, पुढे उसासाठी डोंगर उघडे केले. डोडो हा न उडणारा मोठा पक्षी जगात फक्त इथेच होता. सतरावे शतक संपण्याआधीच तो नाहीसा झाला.

मग त्याने सगळ्यांना इंजिने बंद करायला सांगितली. तो आवाज थांबल्यावर कळले, की आपण एवढा वेळ रान पाहत होतो, ऐकत नव्हतो. झाडांतून वारा येत होता, खाली कुठेतरी पाणी पडत होते. लांब शेपटीचा एक पांढरा पक्षी दरीवरून तरंगत गेला. वाटाड्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ साली रानात फक्त चारच उरला होता. लोकांनी अंडी उबवली, पिल्ले वाढवली, रानात सोडली आणि त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. १९९४ साली इथे ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान झाले. माणूस बिघडवतो तसा सुधारूही शकतो, हे तथागतांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

पण या डोंगररांगांची खरी ओळख वेगळीच आहे. मळ्यावरून पळालेले गुलाम असल्याच रानांत लपत. फ्रेंच अमलात त्यासाठी लेखी कायदा होता. पहिल्यांदा पळाला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची, म्हणजे जन्मात धावता येऊ नये. तिसऱ्यांदा देहदंड. तरीही माणसे पळत राहिली. आम्ही मऊ खोगिरावर बसून चार चाकांवर तो चढ चढत होतो, आणि तो चढ आम्हाला अवघड वाटत होता!

उतारावर हौसेने आम्ही हँडल मागून घेतले. चिखल आला, घाबरून ब्रेक जोरात आवळला आणि गाडी आडवी सरकत पेरूच्या झुडपात गेली. कोपर खरचटले, चूक सर्वस्वी आमची. वाटाड्याने समजावले, उतारावर ॲक्सिलेटर सोडून द्यायचा, इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक नुसता टेकवायचा. आयुष्मती काही बोलल्या नाहीत, फक्त हात पुढे केला. आम्ही हँडल परत दिले.

किनारा

डोंगराच्या कडेवरून सगळा दक्षिण किनारा दिसतो. किनाऱ्याजवळ पाणी फिकट हिरवे, मग निळे, पुढे एक पांढरी फेसाची रेघ आणि तिच्या पलीकडे गडद समुद्र. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत. बेटाला बहुतेक सगळीकडून तिने वेढले आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते.

खाली उतरून आम्ही सुरूच्या झाडांपर्यंत गेलो. अगदी आपल्या कोकणातल्यासारखे सुरूचे बन. आमच्याबरोबरच्या एका पाहुण्याला गाडी थेट वाळूत घालायची होती. वाटाड्याने साफ नकार दिला. टायरखाली वाळूवरच्या वेली आणि बारीक जीव चिरडतात, वेली गेल्या की वाळू जाते. गाड्या तिथेच लावून आम्ही अनवाणी चालत पाण्यात गेलो.

तिथे भाच्याने २०२० सालची गोष्ट सांगितली. २५ जुलैला 'वाकाशिओ' नावाचे मोठे जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर अडकले आणि पुढच्या दिवसांत सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडले. तेव्हा सामान्य बायाबापड्या, पोरे आणि कोळी किनाऱ्यावर जमले. कापडाच्या लांब नळ्या शिवून त्यांत उसाचे पाचट भरले आणि ते तरंगते बांध पाण्यात सोडून तेल अडवले. ज्या उसाने लोकांना छळले, त्याचेच पाचट त्यांनी समुद्र वाचवायला वापरले.

ज्या डोंगरावर बातमी पोचली नाही

त्याच किनाऱ्याच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला एक उभा काळा डोंगर दिवसभर आम्हाला दिसत होता. त्याचे नाव ले मॉर्न. क्वाड परत करून दुपारी भाच्याच्या मित्राच्या गाडीने तिथे गेलो. उंची ५५६ मीटर. तीन बाजूंना तुटलेला कडा, आणि वर जायच्या वाटेत एक खोल खाच. पळालेले गुलाम ती ओलांडून वरच्या पठारावर आणि गुहांत राहत. मॉरिशसचे राष्ट्रीय फूल याच कड्यावर रानटी उगवते. त्याच्या नावाचा अर्थ 'कानातले'.

तिथल्या लोकांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. गुलामगिरी संपली, हे सांगायला शिपायांची एक तुकडी डोंगराकडे आली. वरच्या माणसांनी गणवेश पाहिले. गणवेशातला माणूस आजवर कशासाठी आला होता? कान कापायला आणि शीर तोडायला. त्यांना वाटले, आपल्याला धरायला आले. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. मुक्तीची बातमी खाली उभी होती आणि माणसे वरून मरून गेली.

या डोंगराला २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचे स्थान दिले. पायथ्याशी १ फेब्रुवारी २००९ रोजी उभारलेले गुलामांचे स्मारक आहे. दगडांतली शिल्पे आणि मागे तो कडा. आम्ही तिघांनी चपला काढल्या आणि तिथे त्रिसरण-पंचशील म्हटले. वाटाड्याही सुट्टी झाल्यावर आमच्याबरोबर आला होता. त्याला शब्द कळले नाहीत, पण तोही हात जोडून उभा राहिला.

क्रांतिबा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांनीही गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून लिहिले. हे आम्ही अभ्यासवर्गात अनेकदा सांगितले आहे. पण त्या कड्याखाली उभे राहिल्यावर आम्हाला पुस्तक आठवले नाही, आमच्या वस्तीतली एक म्हातारी आठवली.

काही वर्षांपूर्वी वस्तीत घरकुलाच्या पाहणीला सरकारी माणसे येणार होती. त्याचा कागद आमच्या नजरेखालून गेला होता. आम्ही ठरवले, रविवारी विहारात सांगू. माणसे शुक्रवारीच आली. त्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीने जीप पाहिली, फायली पाहिल्या. झोपडी पाडायला आले असे समजून ती दाराला कडी घालून मागच्या वाटेने निघून गेली. कागदावर 'घर बंद' असा शेरा पडला. यादीतून नाव गेले आणि पत्र्याच्या त्याच खोलीत ती वारली. तिची चूक म्हणून आम्ही चार लोकांत बोललोही होतो. ले मॉर्नच्या पायथ्याशी कळले, की चूक तिची नव्हती. बातमी ठाऊक असून जो रविवारपर्यंत थांबला, त्याची होती. म्हणजे आमची.

आपल्या घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, २३व्याने वेठबिगार. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदाही आला. पण हक्क कागदावर असून भागत नाही. तो ज्याचा आहे त्याच्या दारी वेळेवर पोचला पाहिजे आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसाच्या तोंडून पोचला पाहिजे. खाकी गणवेश आणि जीप पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्याकडे आधी आपण जायला हवे. शिकलेल्या, नोकरीत असलेल्या प्रत्येक बांधवावर हे देणे आहे.

परत आल्यावर आम्ही दोघांनी विहारात एक फळा लावला आहे. शिष्यवृत्तीच्या तारखा, दाखल्यांची कागदपत्रे, पाहणीचे दिवस, सगळे त्यावर लिहितो. आणि आता रविवारची वाट पाहत नाही. कागद दिसला की त्याच संध्याकाळी आयुष्मती स्कूटर काढतात, आम्ही मागे बसतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दारी जाऊन सांगून येतो. आपल्या वस्तीतही कोणी हे काम अंगावर घेतले, तर आमच्या मॉरिशसवारीचे पैसे वसूल झाले असे समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!